लिफ्ट सर्वांसाठी आहे

बत्तीस घरं, सहा मजले आणि एक लिफ्ट, एवढाच कारभार होता. त्यात लोकशाही घुसवायचं कुणालाही कारण नव्हतं. पण जुनी लिफ्ट मोडीत निघाली, नवी चकचकीत लिफ्ट आली आणि आत भिंतीवर एक रिकामी चौकट आली, काचेची, सूचना लावण्यासाठी. रिकामी चौकट आणि रिकामटेकडा विचारवंत एका इमारतीत असले की पुढे जे होतं तेच झालं.

विचारवंत पाचव्या मजल्यावर राहत. सोसायटीचे सेक्रेटरी. पाणीमीटर खात्यातून निवृत्त. वर्तमानपत्रांना पत्रं लिहीत, त्यातली काही छापूनही येत. व्यक्ती श्रेष्ठ की समूह, ह्या विषयावर ते भाजी निवडतानासुद्धा बोलत, आणि त्यामुळे भाजी बायकोच निवडत असे. इमारतीतले लोक त्यांना 'घटनाकार' म्हणत. ही चेष्टा आहे हे सगळ्यांना माहीत होतं, त्यांना सोडून.

चौकटीत काय लिहावं ह्यावर घटनाकारांनी चार दिवस घालवले आणि शेवटी एकच ओळ लिहिली: 'लिफ्ट सर्वांसाठी आहे.' खाली सही, शिक्का. चार शब्दही नाहीत, पण त्यात सगळं आलं, असं त्यांनी अध्यक्षांना समजावून सांगितलं, दीड तास. अध्यक्ष हे असे गृहस्थ की त्यांना कुणाचंही पटे. सकाळी एकाचं, दुपारी त्याच्या विरुद्ध बोलणाऱ्याचं. दोघांनाही ते "अगदी माझ्या मनातलं बोललात" म्हणत, म्हणून तर बिनविरोध निवडून येत.

ती ओळ आठ दिवस टिकली. त्या आठ दिवसांत लिफ्ट खरंच सर्वांची होती. घटनाकारांच्या बायकोचं गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. तिचं रस्त्यापलीकडे कपडे दुरुस्तीचं दुकान, चेन बसव, उंची कमी कर, कमरेला ढिलं कर, अशी कामं. दुकान तीन महिने बंद राहणार म्हणून तिने हाताने चालवायची शिलाई मशीन वर आणवली, घरी बसल्या थोडंफार करता यावं म्हणून. ती बिडाची मशीन त्या आठ दिवसांतच लिफ्टने वर आली. हे लक्षात ठेवा, कारण ती खाली कशी गेली हीच ही गोष्ट आहे.

नवव्या दिवशी सहाव्या मजल्यावरचे घड्याळवाले आले. आयुष्यभर घड्याळं दुरुस्त केलेला माणूस, पंचाहत्तरीचा, बोलणं हळू आणि नेमकं. खुर्चीच्या टोकावर बसून ते म्हणाले, "साहेब, तुमची पाटी वाचली. चांगली आहे. पण ती आमच्यासाठी नाही."

घटनाकार म्हणाले की सर्वांसाठी म्हणजे तुमच्यासाठीही.

"आमच्यातल्या बायका परक्या पुरुषाबरोबर बंद खोलीत उभ्या राहत नाहीत. लिफ्ट सर्वांची म्हणजे आत कोण येईल सांगता येत नाही. म्हणजे आमच्या हिला ती बंदच. जिना तिला उतरवत नाही. चार वर्षं झाली, ती खाली उतरलेली नाही. जुनी लिफ्टही अशीच सर्वांची होती."

आणि इथेच घात झाला. शिकलेल्या माणसाला हरवणं सोपं असतं, फक्त त्याच्याच पुस्तकातलं हत्यार त्याच्यावर चालवावं लागतं. सगळ्यांना सारखं वागवणारा नियम सगळ्यांना सारखा लागू पडतोच असं नाही, हे घटनाकारांनी स्वतःच एका पत्रात लिहिलं होतं, आणि ते छापून आलेल्या पत्रांपैकी होतं. आता माघार कशी घेणार. दोन दिवस ते घरात येरझाऱ्या घालत राहिले. बायको पाय उशीवर ठेवून बघत होती. "काय झालंय?" तिने विचारलं. ते म्हणाले, "तटस्थता ही तटस्थ नसते." ती म्हणाली, "गरम पाण्याची पिशवी द्या."

तिसऱ्या दिवशी चौकटीत दुसरी ओळ आली: सकाळी दहा ते अकरा आणि संध्याकाळी चार ते पाच लिफ्ट सहाव्या मजल्यावरच्या त्या मंडळींच्या बायकांसाठी राखीव.

आणि खरं सांगायचं तर पहिल्याच दिवशी साडेदहाला घड्याळवाल्यांची बायको, आजी, खाली आली. अंगणातल्या बाकावर बसली. चार वर्षांनी जमिनीवर पाय ठेवलेली बाई, आधी चप्पल काढून तिने फरशीच चाचपली. घटनाकारांनी हे गॅलरीतून पाहिलं आणि त्यांचे डोळे भरून आले, आपल्याच थोरपणाने.

तिथे थांबले असते तर देवमाणूस ठरले असते. पण चांगुलपणाची चटक फार वाईट.

बातमी पसरली की मागितलं की वेळ मिळते. चौथ्या मजल्यावरची चार घरं आली. त्यांना शिजवलेल्या अन्नाचा वास बंद जागेत चालत नसे, त्यामुळे अकरा ते एक डबे, पिशव्या, पार्सल बंद. तिसऱ्या मजल्यावरची मंडळी सकाळी दहापर्यंत मौन पाळत, कुणी 'कसं काय' म्हटलं तरी त्यांचा दिवस बिघडे. म्हणून सात ते दहा त्यांना. दुसरा मजला म्हणाला, आम्हाला वेळ नको, मान हवा. लिफ्टमध्ये रेकॉर्ड केलेली बाई बोलते ती एकाच भाषेत का बोलते. इमारतीत चार भाषा बोलल्या जातात, बाईने चारही बोलाव्यात. घटनाकारांना ही मागणी इतकी रास्त वाटली की आपल्याला ती आधी का सुचली नाही ह्याची त्यांना लाज वाटली.

लिफ्टचा मेकॅनिक आला. त्याने डोकं खाजवलं. "काका, ह्या मशीनला फक्त वजन कळतं. चार माणसं, दोनशे बहात्तर किलो. कोण कुठलं ते कळत नाही." घटनाकार म्हणाले की तेच तर दुःख आहे. मेकॅनिकने चार भाषा भरून दिल्या आणि जाताना एवढंच सांगितलं, की बाईचं बोलणं संपल्याशिवाय दार उघडत नाही, सेफ्टी आहे.

तेव्हापासून प्रत्येक मजल्यावर, आत कुणी असो नसो, कुणी उतरो न उतरो, लिफ्ट थांबे, बाई चार भाषांत मजल्याचं नाव सांगे, चार भाषांत सावकाश उतरा म्हणे, चार भाषांत दार उघडत असल्याची बातमी देई आणि मग दार उघडे. बंद होतानाही तेच. सहाव्यावरून तळाला यायला अकरा मिनिटं लागत. आधी कुठली भाषा ह्यावर दुसऱ्या मजल्यावर भांडण झालं ते वेगळंच, दर आठवड्याला क्रम फिरवायचा ठरलं. मग मौनवाल्यांनी आठवण करून दिली की दहापर्यंत बाईनेही मौन पाळायला हवं. बाईला गप्प केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वासातला दातांचे डॉक्टर, स्वतः मौनवाले, तळमजल्यावर पोहोचले आणि आतच राहिले. बाई बोलेना म्हणून दार उघडेना, आणि मौन असल्यामुळे डॉक्टर ओरडेनात. दहा वाजता मौन सुटलं तेव्हा त्यांनी जे शब्द वापरले ते त्यांच्या कुठल्याही पेशंटने भूल उतरल्यावरसुद्धा वापरले नसतील. मग तोडगा निघाला. बाई बोलेल, पण आवाज शून्यावर. त्यामुळे सकाळच्या वेळी चार माणसं बंद दाराकडे तोंड करून पाऊण मिनिट शोकसभेला आल्यासारखी उभी राहत.

एवढ्यात लिफ्ट परवाना कार्यालयाचं पत्र आलं: मंजुरीशिवाय वापरात बदल केलेला आहे, खुलासा करा. घटनाकार कागदांची पिशवी घेऊन गेले. तिथल्या कारकुनाकडे एकच फॉर्म होता आणि त्यात दोनच रकाने, प्रवासी किंवा माल. घटनाकारांनी त्याला समाजातलं वैविध्य समजावून सांगितलं. कारकुनाने शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "माल लिहू का?"

तीन खेपा झाल्या. शेवटी कारकुनाच्या साहेबांनी मार्ग काढला. गटांची यादी द्या, प्रत्येक गटाचा एक प्रतिनिधी, त्याची सही, यादीबाहेर कुणाचंही नाव राहता कामा नये. आता गंमत बघा. इमारतीत लोक राहत होते, गट राहत नव्हते. पण यादी हवी म्हटल्यावर पंधरा दिवसांत सगळे कुठल्या ना कुठल्या गटाचे झाले. जी माणसं कधी एकमेकांच्या घरी पाणी प्यायली नव्हती ती प्रतिनिधी निवडायला सतरंजीवर बसली. आणि प्रतिनिधी म्हणून कोण निवडून आलं? जो घरात आधीपासूनच सगळ्यांवर ओरडत होता तो.

उरली पाच घरं. ह्यांना कुठलीच ठरलेली चाल नव्हती. एक कुत्रेवाली बाई, एक एकटा राहणारा फोटोग्राफर, दोन भाडेकरू आणि स्वतः घटनाकार. त्यांना यादीत नाव मिळालं 'इतर', आणि सगळ्यांना वाटून झाल्यावर जी वेळ उरली ती मिळाली: दुपारी दोन दहा ते दोन पंचवीस. अध्यक्ष म्हणाले, "अगदी तुमच्या तत्त्वात बसतंय. आधी दुसऱ्याचं, मग आपलं."

घटनाकारांनी हे बायकोला जरा अभिमानानेच सांगितलं. तिने शिवण बाजूला ठेवली. "मला येत्या सोमवारी दुकान उघडायचंय. दहा वाजता. दोन दहाला नाही."

ते म्हणाले, विशेष सवलत समिती आहे.

"तिचा प्रमुख कोण?"

"मीच. पण सात दिवस आधी अर्ज लागतो."

तिने त्यांच्याकडे असं पाहिलं की ते उठून गॅलरीत गेले.

तिचा गुडघा सरळ करायला रोज संध्याकाळी घड्याळवाल्यांची सून येत असे. ती हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट होती. कमी बोलायची, पण हात असा की काकूंच्या, म्हणजे घटनाकारांच्या बायकोच्या, तोंडून आधी शिवी निघे आणि मग आशीर्वाद. त्या दिवशी घटनाकार गॅलरीतून आत आले ते कौतुक करून घ्यायच्या तयारीनेच. म्हणाले, "काय सूनबाई, आता सोय झाली ना?"

सुनेने गुडघा दाबला. काकू कळवळल्या. "काका, मी ड्युटीला सातला निघते."

"हो का?"

"आधी मी सातला लिफ्टने जायचे. आत कोण असायचं ते असायचं, कुणाचं लक्षही नसायचं. आता सात ते दहा मौनवाल्यांची वेळ. माझी वेळ दहा ते अकरा. परवा गेले तर वॉचमनने रजिस्टरमध्ये माझ्या नावापुढे 'उल्लंघन' लिहिलं आणि बाबांना कळवलं. आता सहा मजले उतरते, दिवसभर लोकांचे गुडघे वाचवते, आणि सहा मजले चढते."

"पण तुमच्याच मंडळींनी मागितलं होतं."

"मला कुणी विचारलं नाही." ती थांबली आणि मग म्हणाली, "आईंना मात्र बरं झालं, ते खोटं कशाला बोलू. त्या रोज खाली जातात. म्हणून मी गप्प आहे."

आता साधा माणूस इथे काय करेल? म्हणेल, चुकलं, तू जा सातला. पण घटनाकारांनी कागद ओढला. तासाभरात त्यांनी 'बाहेर पडण्याचा हक्क' तयार केला. कुठल्याही व्यक्तीला आपला गट सोडता येईल, फक्त गटाच्या प्रतिनिधीचं ना-हरकत पत्र जोडावं. सुनेच्या गटाचे प्रतिनिधी तिचे सासरेच होते. आणि गट सोडून ती जाणार कुठे? 'इतर'मध्ये. दोन दहा ते दोन पंचवीस.

सुनेने कागद दोनदा वाचला आणि घडी घालून काकूंच्या उशीखाली ठेवला. "गुडघ्याखाली आणखी थोडा उंचवटा हवाच होता," ती म्हणाली.

बायको त्या दिवशी पहिल्यांदा चिडून बोलली. "चाळीस वर्षं कपडे शिवतेय. गिऱ्हाईक समोर उभं करून माप घ्यायचं असतं. तुम्ही सासऱ्याचं माप घेऊन सुनेचा कपडा शिवलात, आणि घट्ट झाला तर म्हणता, काढून ठेव आणि उघडी फिर."

घटनाकारांना हे लागलं. तीन दिवस ते कुणाशी बोलले नाहीत. मौनवाल्यांनी त्यांना सभासद करून घेण्याबद्दल चौकशी केली.

सोमवार उजाडला. बायको दहाच्या पाच मिनिटं आधीच तयार होती. हातात काठी, गळ्यात टेप, पिशवीत खडू आणि कात्री. "मशीन घ्या," ती म्हणाली. घटनाकार म्हणाले, आत्ता सहाव्या मजल्याची राखीव वेळ सुरू होईल, आपण 'इतर' आहोत, आणि मी सेक्रेटरी आहे, मीच मोडला तर नियमाला अर्थ काय. ती काठी टेकत दाराबाहेर गेलीसुद्धा. तीन महिन्यांनी ती उंबरठ्याबाहेर पडली होती, आणि तिचे ओठ घट्ट मिटलेले होते, दुखत असल्यामुळे की दुसऱ्या कशामुळे ते विचारायची घटनाकारांची छाती झाली नाही. त्यांनी मशीन उचलली. कमरेत कुठेतरी कट्ट झालं.

दहा वाजून दोन मिनिटांनी लिफ्ट वरून आली. वरच्या मजल्यावर एकदा आणि इथे एकदा, चार भाषांतलं पुराण ऐकवून झाल्यावर दार उघडलं. आत आजी आणि सून. सुनेची त्या दिवशी दुपारची ड्युटी होती. मागोमाग जिन्याने घड्याळवाले उतरत होते, कारण बायकांच्या वेळेत त्यांनाही लिफ्ट बंद होती आणि ते नियम पाळणारे गृहस्थ होते.

"या काकू," सून म्हणाली. काकू आत गेल्या. त्या कुठल्या यादीत आहेत हे कुणीच विचारलं नाही. मग सुनेने घटनाकारांकडे पाहिलं. दोन्ही हातांत मशीन, कपाळावर घाम, चष्मा नाकाच्या टोकावर. "काका, तुम्हीही या. एवढं वजन घेऊन जिना कसा उतरणार?"

घटनाकारांचा एक पाय पुढे झाला. जिन्यात घड्याळवाले थांबले. सुनेचा आवाज वाढला नाही, पण ती सासऱ्यांकडे बघूनच बोलली. "नियम माझ्यासाठी केलाय ना? मग मी सांगते. येऊ देत."

ह्याच क्षणाची घटनाकारांनी आयुष्यभर वाट पाहिली होती. व्यक्ती स्वतःच्या तोंडाने, स्वतःच्या गटासमोर बोलत होती. त्यांचा ऊर भरून आला. आणि तेवढ्यात कोपऱ्यातून आजी म्हणाली, "नको."

सगळे तिच्याकडे वळले. आजीने पदर सावरला. तिचा आवाज बारीक होता, पण त्यात काही डळमळीत नव्हतं. "मला नको. माणूस चांगला आहे, माहीत आहे मला. पण मला नाही चालत. तो आला तर मी उतरते."

घटनाकारांचा एक पाय लिफ्टमध्ये, एक बाहेर. आता काय करणार? एकाच घरातल्या, एकाच गटातल्या दोन बाया, दोघी स्वतःच्या तोंडाने बोलतायत, आणि एक ये म्हणते, दुसरी नको म्हणते. त्यांनी वाचलेल्या सगळ्या पुस्तकांत व्यक्ती ही एकेकटीच यायची. दोघी एकदम, त्याही चार माणसांच्या लिफ्टमध्ये, कुणी आणल्याच नव्हत्या. ते चौकटीकडे पाहू लागले, तिथे काही लिहिलेलं सापडतंय का म्हणून. तिथे सगळी त्यांचीच सही होती.

"अहो, पाय काढा," बायको म्हणाली. "तुम्ही जिन्याने या." आणि तिने बटण दाबलं.

दार बंद झालं. बाहेर दोन म्हातारे आणि एक मशीन राहिली.

घड्याळवाले खाली उतरून आले आणि त्यांनी मशीनची दुसरी बाजू धरली. चौथ्यावर मशीन खाली ठेवून दोघांनी दम खाल्ला. शेजारच्या भिंतीपलीकडून बाई चार भाषांत चौथा मजला सांगत होती.

"तुम्ही सुनेला कधी विचारलं होतंत?" घटनाकारांनी धापा टाकत विचारलं.

"तुम्ही विचारलं होतंत? तुमच्या बायकोला?"

मशीन पुन्हा उचलली. तिसऱ्यावर घड्याळवाले म्हणाले की चार वर्षं ही वरून अंगण बघायची, म्हणून आलो होतो तुमच्याकडे, तेवढंच हवं होतं. घटनाकार म्हणाले, तेवढंच मागितलं असतंत तर. घड्याळवाले म्हणाले, तेवढंच मागितलं होतं साहेब, बाकीचं तुम्ही घातलंत. ह्यावर उत्तर होतं, घटनाकारांना चांगलं लांबलचक उत्तर येत होतं, पण मशीनचा कोपरा पोटात रुतत असल्याने ते देता आलं नाही. भिंतीपलीकडून बाईचं तिसऱ्या मजल्याचं भाषण चालू होतं आणि तिच्या आवाजाच्याही वर तीन बायकांचं हसणं ऐकू येत होतं. मोठ्याने हसत होत्या. आपल्यावरच हसतायत हे कळायला फार शिक्षण लागत नाही.

दुसऱ्यावर मशीन घड्याळवाल्यांच्या पायावर टेकली. पहिल्यावर घटनाकारांचा चष्मा पडला. तळमजल्यावर ते पोहोचले आणि त्याच वेळी बाईचं चौथ्या भाषेतलं शेवटचं वाक्य संपून लिफ्टचं दार उघडलं. तिघी बाहेर आल्या. आजीच्या हातात काकूंची पिशवी, काकूंचा हात सुनेच्या खांद्यावर. कशाला हसत होतात, असं कुणी विचारलं नाही आणि कुणी सांगितलं नाही. घड्याळवाल्यांनी मान वर न करता सुनेला विचारलं, "उद्या ड्युटीला किती वाजता निघणार?"

"सातला, बाबा."

"वॉचमनला मी सांगतो," ते म्हणाले आणि पाय चोळत आजीमागून अंगणात गेले.

घटनाकारांनी लिफ्टमध्ये डोकावलं. चौकटीतला कागद उलटा लावलेला होता आणि कोऱ्या बाजूवर कापडावर खुणा करायच्या खडूने बायकोच्या हाताने लिहिलेलं होतं. 'सात: सून, कुणीही बरोबर चालेल. दहा: काकू. साडेदहा: आजी, पुरुष नकोत, वीस मिनिटं पुरतात.' आणि खाली: 'बाकीच्यांनी काय हवं ते येऊन सांगा. दुकान उघडं आहे.'

त्यांनी ते दोनदा वाचलं. वर, खाली, कडेला. "ह्यात मी कुठे आहे?"

"तुम्हाला काय हवंय ते तुम्ही कधी सांगितलंय कुणाला?" बायको म्हणाली. "जगाचंच सांगत बसता. मशीन आत आणून ठेवा. आणि तिचं हॅण्डल वरच राहिलं, तेवढं घेऊन या."

ती काठी टेकत रस्ता ओलांडून गेली, सून एका बाजूला. पलीकडे शटर वर जाण्याचा आवाज आला. घटनाकारांनी मशीन पोचवली आणि कमरेवर हात ठेवून परत आले. लिफ्ट तळालाच उभी होती, दार उघडं, आत कुणी नाही. त्यांनी घड्याळात पाहिलं. दहा पंचवीस. साडेदहाची आजी अंगणात बसलेली, दहाची काकू दुकानात. इतरांची वेळ आता होती की नव्हती? विचारायला हवं होतं. पण मला पाच मजले चढवत नाहीत हो, कंबर मोडलीय, हे साधं वाक्य ज्याच्यासमोर म्हणता येईल असं माणूस त्यांना आसपास दिसेना, आणि दिसलं असतं तरी ते त्यांनी आयुष्यात कधी म्हटलं नव्हतं.

ते दारासमोर उभे राहिले. बाईने चार भाषांत सांगितलं की दार बंद होत आहे. चौथी भाषा संपेपर्यंत घटनाकार विचार करत होते.

मग ते जिन्याकडे वळले.